बोटीच्या उदाहरणात उणे उत्तर आलं तेव्हा: एका शाब्दिक उदाहरणाचा प्रकरण अभ्यास

एकसामयिक समीकरणांची, म्हणजे दोन अज्ञातं दोन अटींवरून एकत्र काढायची, शाब्दिक उदाहरणं अडली की निदान ठरलेलं असतं: "समीकरणं मांडता येत नाहीत." या शेऱ्यातून शिकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण मांडणीच्या पोटात बरीच कामं असतात. काय शोधायचं ते ठरवणं, त्याला अक्षर देणं, अटीतल्या राशी त्या अक्षरांत लिहिणं आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची राशी ठेवणं. यांतलं नेमकं कुठलं काम बिघडलं हे कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, नुसता सराव वाढतो.

इथे एका विद्यार्थिनीने सोडवलेलं एकच उदाहरण तपशिलात घेते आहे. तिची आकडेमोड पक्की होती. समीकरणं तयार दिली तर ती लोप करूनही (एक अक्षर घालवून) सोडवायची आणि किंमत ठेवूनही. तरी या उदाहरणात तिचं उत्तर असं आलं की ते कुठल्याच नदीत शक्य नव्हतं, आणि चूक मात्र कुठे दिसेना.

उदाहरण

एक मोटारबोट प्रवाहाच्या दिशेने ३६ किमी आणि प्रवाहाविरुद्ध ४० किमी जाते, तेव्हा एकूण ८ तास लागतात. तीच बोट प्रवाहाच्या दिशेने ४८ किमी आणि प्रवाहाविरुद्ध २४ किमी गेली, तर एकूण ७ तास लागतात. बोटीचा संथ पाण्यातील वेग आणि प्रवाहाचा वेग काढा.

वहीत काय होतं

पहिली ओळ अशी होती:

क्ष = बोट, य = प्रवाह

त्याखाली दोन समीकरणं:

३६(क्ष + य) + ४०(क्ष − य) = ८
४८(क्ष + य) + २४(क्ष − य) = ७

कंस सोडवून ७६क्ष − ४य = ८ आणि ७२क्ष + २४य = ७. पहिल्याला ४ ने भागून १९क्ष − य = २, म्हणजे य = १९क्ष − २. ही किंमत दुसऱ्यात ठेवून ५२८क्ष = ५५, म्हणून क्ष = ५/४८. आणि य = −१/४८.

प्रवाहाचा वेग उणे आला. उणे उत्तर दिसलं की कुणीही चिन्हाची चूक शोधतो, तिनेही तेच केलं. सगळं खोडून लोप पद्धतीने पुन्हा सोडवलं: १९क्ष − य = २ ला २४ ने गुणलं, दुसऱ्या समीकरणात मिळवलं, पुन्हा ५२८क्ष = ५५. मग ताळा घेतला. क्ष + य = ४/४८ = १/१२ आणि क्ष − य = ६/४८ = १/८. पहिल्या समीकरणात ३६ × १/१२ = ३, ४० × १/८ = ५, बेरीज ८. दुसऱ्यात ४८ × १/१२ = ४, २४ × १/८ = ३, बेरीज ७. दोन्ही ताळे जुळले.

इथे ती थांबली. आकडेमोड बरोबर, ताळा बरोबर, उत्तर अशक्य. तिने समासात लिहिलं होतं, "उदाहरणच चुकीचं असेल."

हा शेरा मी हलक्यात घेत नाही. जिला आपली आकडेमोड दोनदा तपासून बरोबर आढळली आहे, तिने प्रश्नावर शंका घेणं तर्काला धरूनच आहे. अडचण एवढीच की तिने ताळा समीकरणांत घेतला, गोष्टीत घेतला नाही. समीकरणांतला ताळा फक्त "मी ही समीकरणं नीट सोडवली का" एवढंच सांगतो. समीकरणं त्या बोटीबद्दलची आहेत की नाहीत, हे तो कधीच सांगू शकत नाही.

गोष्टीतला ताळा

म्हणून मी तिला समीकरणं झाकायला सांगितली आणि फक्त उत्तर घेऊन बोटीत बसायला सांगितलं. प्रवाहाच्या दिशेने वेग किती आला? क्ष + य, म्हणजे १/१२ किमी/तास. मग ३६ किमी जायला किती तास?

तिने भागाकार केला. ४३२ तास.

"पण मॅडम, ताळ्यात तर इथे ३ तास आले होते."

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच वाक्य. तेच अंतर, तोच १/१२, आणि एकीकडे ३ तास, दुसरीकडे ४३२. तिने स्वतःच दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या:

ताळा: ३६ × १/१२ = ३
गोष्ट: ३६ ÷ १/१२ = ४३२

फरक गुणाकार-भागाकाराचा आहे हे लगेच दिसलं. "म्हणजे मी वेगाने भागायला हवं होतं, मी गुणलं." बरोबर. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. हे सूत्र तिला पाठ होतं. विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं. मग मांडताना ते का आठवलं नाही? कारण वहीत "वेग" हा शब्दच नव्हता. तिथे लिहिलं होतं, क्ष = बोट. बोटीने अंतराला भागायचं की गुणायचं, हे कुणाला सुचणार? अक्षराला एकक नव्हतं, त्यामुळे सूत्र जागं व्हायला काही कारणच नव्हतं.

इथे थांबून "आता भागाकार करून पुन्हा मांड" म्हणता आलं असतं, आणि बहुतेक वर्गांत तेच होतं. पण त्या ३ तासांचं काय? चुकीच्या समीकरणांतून निघालेल्या किमतीने ताळ्यात ३ आणि ५, ४ आणि ३ असे सुटसुटीत पूर्णांक दिले होते. हा योगायोग नसतो. मी तिला विचारलं, "३६ किमीला १/१२ ने गुणून ३ तास यायचे असतील, तर या १/१२ चं एकक काय असायला हवं?"

तिला वेळ लागला. किमी गुणिले काहीतरी बरोबर तास. ते काहीतरी म्हणजे तास/किमी. एका किलोमीटरला लागणारे तास. १/१२ तास म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं. १/८ तास म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं.

आणि मग कोडं सुटायला लागलं. प्रवाहाच्या दिशेने किलोमीटरला ५ मिनिटं म्हणजे तासाला १२ किमी. प्रवाहाविरुद्ध किलोमीटरला साडेसात मिनिटं म्हणजे तासाला ८ किमी. ३६ किमीला ३ तास, ४० किमीला ५ तास. खरं उत्तर तिच्या वहीत आधीपासून होतं.

वजा चिन्ह काय सांगत होतं

तिची दोन्ही समीकरणं खरी होती, फक्त ती वेगाबद्दल बोलत नव्हती. किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळेबद्दल बोलत होती. त्या अर्थाने वाचलं तर क्ष + य म्हणजे प्रवाहाच्या दिशेने किलोमीटरमागे लागणारा वेळ आणि क्ष − य म्हणजे विरुद्ध दिशेने लागणारा वेळ. आता य उणे का, हे उघड आहे. प्रवाहाची मदत असली की वेग वाढतो, पण वेळ कमी होतो. वेळेच्या भाषेत प्रवाहाची भर उणेच असायला हवी. ज्या चिन्हाला ती चूक समजून खोडत बसली, ते चिन्ह अर्थाची दिशा अचूक दाखवत होतं.

इथे एक जास्त खोल मुद्दा आहे आणि तो मी घाईने ओलांडत नाही. तिचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: मग क्ष = ५/४८ तास/किमी उलटं करून ४८/५ = ९.६ किमी/तास हा बोटीचा वेग मानायचा का? ९.६ दिसायला विश्वासार्ह आहे. उत्तर म्हणून कुणी लिहिलं तर तपासणाऱ्यालाही पटकन खटकणार नाही. पण ते चूक आहे. संथ पाण्यातला वेग १२ आणि ८ यांच्या बरोबर मध्ये असतो, म्हणजे १० किमी/तास, कारण १२ = बोट + प्रवाह आणि ८ = बोट − प्रवाह. बेरीज-वजाबाकी वेगांची होते. पाणी बोटीला तासामागे काही किलोमीटर पुढे नेतं किंवा मागे ओढतं. किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळांमध्ये अशी बेरीज नसते. १/१२ आणि १/८ यांचा मध्य ५/४८ आहे, तर १० किमी/तास वेगाला किलोमीटरमागे लागतो १/१० तास, म्हणजे ४.८/४८. दोन्ही जवळ आहेत, पण एक नाहीत.

९.६ ला अर्थ नाही असं मात्र नाही. ही बोट एखादं अंतर प्रवाहाबरोबर गेली आणि तेवढंच अंतर परत आली, तर त्या पूर्ण फेरीचा सरासरी वेग ९.६ किमी/तास भरतो. तो १० पेक्षा कमी असतो, कारण बोट हळू वेगाने जास्त वेळ चालते. हे तिने २४ किमी घेऊन पडताळलं: जाताना २ तास, येताना ३ तास, ५ तासांत ४८ किमी.

म्हणजे या उदाहरणात दोन नियम एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. बोट आणि प्रवाह यांचा संबंध वेगाच्या भाषेत रेषीय आहे, म्हणजे राशींना ठरावीक संख्यांनी गुणून बेरीज-वजाबाकी केली की पुरतं. अंतर आणि एकूण वेळ यांचा संबंध किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळेच्या भाषेत रेषीय आहे. एकाच अक्षराला दोन्ही भाषा बोलायला लावल्या म्हणून गोंधळ झाला.

दोन टप्प्यांची मांडणी

हे लक्षात आल्यावर योग्य उकल लहानशी आहे. बोटीचा संथ पाण्यातला वेग क्ष किमी/तास आणि प्रवाहाचा वेग य किमी/तास मानला तर अटी अशा होतात:

३६/(क्ष + य) + ४०/(क्ष − य) = ८
४८/(क्ष + य) + २४/(क्ष − य) = ७

ही क्ष आणि य मधली रेषीय समीकरणं नाहीत, चलं छेदात आहेत. म्हणून १/(क्ष + य) = म आणि १/(क्ष − य) = न मानायचं. पाठ्यपुस्तकं इथे "मानू" म्हणतात आणि पुढे जातात. विद्यार्थ्याला ती एक युक्ती वाटते, परीक्षेपुरती लक्षात ठेवायची. माझा आग्रह असतो की म आणि न यांनाही नाव आणि एकक मिळालंच पाहिजे: म म्हणजे प्रवाहाच्या दिशेने एका किलोमीटरला लागणारे तास, न म्हणजे विरुद्ध दिशेने एका किलोमीटरला लागणारे तास. मग समीकरणं थेट गोष्टीतून लिहिता येतात, आधी अपूर्णांक लिहायचीही गरज उरत नाही:

३६म + ४०न = ८
४८म + २४न = ७

तिने आपल्या जुन्या समीकरणांवर बोट ठेवलं. कंसांच्या जागी म आणि न घातले की तीच ही.

पहिल्याला ४ ने भागून ९म + १०न = २. याला १२ ने गुणून १०८म + १२०न = २४. दुसऱ्याला ५ ने गुणून २४०म + १२०न = ३५. वजाबाकी केली की १३२म = ११, म = १/१२, आणि मग न = १/८. निश्चयकांनी (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांमधल्या फरकाने) करायचं असेल तर मुख्य निश्चयक ३६ × २४ − ४० × ४८ = −१०५६, बाकीचे दोन −८८ आणि −१३२, भागाकार तेच येतात. कुठल्या पद्धतीने सोडवायचं याला इथे फारसं महत्त्व नाही, पद्धत तिला आधीपासून येतच होती.

दुसरा टप्पा: क्ष + य = १२, क्ष − य = ८. क्ष = १०, य = २. बोट १० किमी/तास, प्रवाह २ किमी/तास.

अक्षरांआधी तक्ता

अक्षरं लिहिण्याआधी मी आता तक्ता करून घेते. आडव्या ओळीत एकेक फेरी, उभ्या रकान्यांत प्रवाहाबरोबरचं अंतर, प्रवाहाविरुद्धचं अंतर, एकूण वेळ. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक.

पहिली फेरी: ३६ किमी, ४० किमी, ८ तास
दुसरी फेरी: ४८ किमी, २४ किमी, ७ तास

ही कल्पना फार जुनी आहे. 'गणिताची नऊ प्रकरणे' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात अशीच उदाहरणं अक्षरांशिवाय सोडवली आहेत. त्यातल्या पहिल्या उदाहरणात धान्याच्या तीन प्रती आहेत: उत्तम प्रतीच्या ३, मध्यम २ आणि हलक्या १ पेंढीचं मिळून ३९ मापं धान्य; दुसऱ्या अटीत २, ३, १ पेंढ्यांचं ३४; तिसऱ्यात १, २, ३ पेंढ्यांचं २६. तिथे अज्ञाताला नाव नाही, त्याची ओळख म्हणजे तक्त्यातली जागा. संख्या त्या जागी मांडून एकेक जागा शून्य करत जायचं. आज आपण ज्याला गाउसची लोप पद्धत म्हणतो तीच ही चाल. उत्तरं ९ १/४, ४ १/४ आणि २ ३/४ मापं येतात. माझ्या विद्यार्थिनीसाठी यातला उपयोगाचा भाग असा की एका जागेतल्या सगळ्या संख्या एकाच जातीच्या असतात. जात ठरवल्याशिवाय तक्ता भरताच येत नाही, आणि "क्ष = बोट" असं काही लिहून पुढे सरकायची सोय राहत नाही.

तक्त्याचा आणखी एक फायदा आहे: अंदाज. पहिल्या फेरीत एकूण ७६ किमी ८ तासांत, म्हणजे सरासरी ९.५ किमी/तास. दुसऱ्या फेरीत ७२ किमी ७ तासांत, सरासरी १० पेक्षा थोडी जास्त. दुसऱ्या फेरीत प्रवाहाबरोबरचा वाटा मोठा आहे आणि सरासरीही मोठी आहे, तेव्हा प्रवाह मदत करतो आहे हे जुळतं. बोटीचा वेग १० च्या आसपास असणार हेही दिसतं. एवढं आधी केलेलं असतं तर ५/४८ या उत्तरावर नजर पडताच ती थबकली असती, चिन्हापर्यंत जायचीही वेळ आली नसती.

दोन अटी पुरतात का?

उत्तर आल्यानंतर मी तिला दुसरी अट पुसायला सांगितली. फक्त ९म + १०न = २ उरलं. म = १/१२, न = १/८ ही एक उकल. पण म = न = २/१९ हीसुद्धा उकल आहे: पाणी स्थिर आणि बोट ९.५ च्या वेगाने. म = १/९, न = १/१० हीसुद्धा समीकरणात बसते, पण तिच्यात बोट प्रवाहाविरुद्ध जास्त जोरात जाते, म्हणून गोष्ट तिला बाहेर काढते. न हा म पेक्षा मोठा हवा, ही अट उदाहरणात कुठेच लिहिलेली नसते, ती "प्रवाह" म्हटल्यावर आपोआप येते.

मग दुसऱ्या अटीऐवजी ही अट दिली: प्रवाहाबरोबर ५४ किमी, विरुद्ध ६० किमी, १२ तास. तिने सोडवायला घेतलं आणि शेवटी ० = ० आलं. तक्ता पाहिल्यावर कारण समजलं. ही फेरी म्हणजे पहिलीच फेरी दीडपट, तिच्यात नवी माहिती काहीच नाही. १२ ऐवजी ११ तास लिहिले की समीकरणं एकमेकांना खोटं पाडतात, उकलच नाही. मुख्य निश्चयक दोन्ही वेळा शून्य. निश्चयक शून्य झाला तर काय होतं हे तिने वाचलेलं होतं, पण त्यामागे दोन फेऱ्यांमधलं अंतरांचं गुणोत्तर एकच असणं आहे, हे तिला इथे दिसलं.

जाता जाता एक गोष्ट, जी परीक्षेत कुणी विचारत नाही. दुसऱ्या फेरीचा वेळ मोजताना ६ मिनिटांची चूक झाली आणि ७ ऐवजी ७.१ तास धरले, तर बोटीचा वेग १० वरून ९.८५ होतो, पण प्रवाहाचा वेग २ वरून जवळपास १.६३ वर येतो. बोटीत दीड टक्क्याचा फरक, प्रवाहात अठरा टक्क्यांहून जास्त. प्रवाह हा दोन मोठ्या वेगांमधल्या फरकाचा निम्मा भाग असतो, आणि मोजमापातली सगळी डळमळ त्या लहानशा फरकावर येऊन पडते. पुस्तकातली उत्तरं पूर्णांकात येतात म्हणून ही बाजू झाकलेली राहते. मला ती दाखवावीशी वाटते, कारण प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या कुणालाही रोज हिच्याशीच झुंजावं लागतं.

"क्ष = बोट" ही सवय किती खोल असते

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. शिक्षणसंशोधक जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं होतं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि त्या चुकांतला मोठा वाटा एकाच प्रकारचा होता. विद्यार्थ्यांसाठी व आणि प्राध्यापकांसाठी प ही अक्षरं घेतली, तर व = ६प ऐवजी त्यांनी ६व = प लिहिलं. "सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक" हे चित्र डोळ्यांपुढे आणून ते तसंच उतरवलं. अक्षर हे वस्तूचं लेबल झालं, संख्या उरली नाही. माझ्या विद्यार्थिनीचं "क्ष = बोट" त्याच घराण्यातलं आहे, फक्त इथे संख्येबरोबर एककही हरवलं.

त्यामुळे मी एक नियम काटेकोरपणे पाळून घेते. अक्षराच्या ओळीत संख्या कशाची आणि कशात मोजलेली, हे दोन्ही असल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. "क्ष = बोटीचा संथ पाण्यातला वेग, किमी/तास." यात वेळ जातो आणि मुलांना कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. तरी तडजोड करत नाही. गुणांच्या दृष्टीने ही ओळ किरकोळ असेल, विचाराच्या दृष्टीने उदाहरणाचा निम्मा निकाल तिथेच लागतो. दुसरा नियम समीकरण लिहून झाल्यावरचा: प्रत्येक पदाखाली पेन्सिलीने त्याचं एकक लिहायचं आणि सगळी एककं सारखी आहेत का ते बघायचं. ३६(क्ष + य) खाली किमी × किमी/तास आणि उजवीकडे ८ खाली तास. हे दोन कधीच बरोबर असू शकत नाहीत, सोडवून बघायची गरजच नाही.

त्यानंतरची उदाहरणं

सुधारणा झाली की नाही हे त्याच प्रकारच्या बोटीच्या उदाहरणावरून ठरवता येत नाही, तिथे नक्कल चालते. म्हणून मुद्दाम वेगळी उदाहरणं दिली.

पहिलं द्रावणाचं होतं. २० टक्के आम्ल असलेलं एक द्रावण आणि ५० टक्के आम्ल असलेलं दुसरं मिसळून ३० टक्के आम्लाचं ६ लिटर द्रावण करायचं आहे. तिने क्ष आणि य दोन्हींपुढे "लिटर" लिहिलं. क्ष + य = ६ बरोबर मांडलं. दुसरं समीकरण २०क्ष + ५०य = ३० असं लिहिलं आणि पेन्सिलीने एककं घातली: डावीकडे टक्के × लिटर, उजवीकडे नुसते टक्के. सोडवायच्या आधीच तिने ३० च्या जागी ३० × ६ केलं. क्ष = ४, य = २. (३० तसंच ठेवलं असतं तर य उणे ३ लिटर आला असता.) इथे अक्षरांचा अर्थ पहिल्यापासून बरोबर होता, दुरुस्ती समीकरणात लागली.

दुसरं नळांचं. पहिला नळ ३ तास आणि दुसरा ४ तास चालवला तर टाकी भरते. पहिला साडेचार तास आणि दुसरा २ तास चालवला तरीही भरते. प्रत्येक नळाला एकट्याने टाकी भरायला किती वेळ लागेल? तिने लिहिलं, क्ष = पहिल्या नळाला लागणारे तास, य = दुसऱ्या नळाला लागणारे तास, आणि खाली ३क्ष + ४य = १. पेन्सिलीने तास × तास लिहिलं, उजवीकडे "टाकी" लिहिलं. जुळत नव्हतं.

मी काही बोलले नाही. तिने समीकरणाला हात लावला नाही. वरची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, "क्ष = पहिला नळ एका तासात टाकीचा किती भाग भरतो, टाकी/तास." य चंही तसंच. मग ४.५क्ष + २य = १ मांडलं, त्याला दोनाने गुणून त्यातून पहिलं वजा केलं. ६क्ष = १, म्हणून क्ष = १/६, य = १/८. उत्तराच्या ओळीत तिने १/६ उतरवलं नाही. तिथे लिहिलं, पहिल्या नळाला ६ तास, दुसऱ्याला ८ तास.